ओलावा न बघता भाव नाही, अटी न बघता हप्ता नको

माननीय अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, हैदराबाद



हिंगणघाटच्या बाजारात कापसाचा भाव विचारला, तर व्यापारी आधी गाडीतल्या कापसात हात घालतो. धाग्याची लांबी आणि ओलावा कळल्याशिवाय तो आकडा बोलत नाही. भारतीय कापूस महामंडळाची (सीसीआय) खरेदीही 8 ते 12 टक्के ओलाव्याच्या चौकटीत चालते आणि 8 च्या वर गेलेल्या ओलाव्यासाठी भाव कापला जातो. भाव प्रतीवर ठरतो, हे आमच्या जिल्ह्यातल्या कास्तकाराला शिकवावे लागत नाही. मात्र तोच माणूस आरोग्य विम्याचे कोटेशन मागतो, तेव्हा विम्याची रक्कम आणि वर्षाचा हप्ता एवढेच दोन आकडे त्याच्या हाती पडतात. अशी तीन कोटेशने शेजारी ठेवून तो सर्वांत कमी हप्त्यावर बोट ठेवतो आणि तुलना झाली असे समजतो. आमची मागणी एकच आहे: प्रत्येक कोटेशनसोबत, पैसे भरण्याआधी, एकाच नमुन्यातला अटींचा तक्ता मराठीत देणे कंपन्यांना सक्तीचे करावे.

नुसत्या हप्त्याची तुलना का फसते, ते एका हिशेबाने दिसते. समजा, 3 लाखांच्या दोन पॉलिसी आहेत. एकीत खोलीभाड्याला मर्यादा नाही, दुसरीत ती दिवसाला विमा रकमेच्या 1 टक्का, म्हणजे 3,000 रुपये आहे. रुग्णाने 6,000 रुपयांची खोली घेतली, तर दुसऱ्या पॉलिसीत फक्त भाड्याचा फरक खिशातून जात नाही. प्रमाणशीर कपातीच्या अटीमुळे डॉक्टर, शस्त्रक्रिया आणि शुश्रूषा यांचे शुल्कही निम्मेच मंजूर होऊ शकते. हे शुल्क 80,000 असेल, तर 40,000 रुपये घरचे जातात. हप्त्यात वाचवलेले हजार-दोन हजार त्यापुढे कुठे राहिले? काही पॉलिसी शहरांचे गट पाडून हप्ता ठरवतात. लहान गावच्या रहिवाशाला हप्ता कमी पडतो, पण वरच्या गटातल्या शहरात उपचार घेतले की बिलाचा काही हिस्सा त्याच्या माथी येतो. आर्वी, आष्टी किंवा समुद्रपूरच्या कुटुंबासाठी ही अट बारीक अक्षरांतली बाब नाही. गंभीर आजारात सेवाग्राम किंवा सावंगीला जायचे की नागपूर गाठायचे, हा इथला नेहमीचा प्रश्न आहे.

प्राधिकरणाला हे नवे नाही. 1 जानेवारी 2024 पासून लागू झालेल्या सुधारित ग्राहक माहिती पत्रकात विमा रक्कम, प्रतीक्षा काळ, उपमर्यादा आणि वगळलेल्या गोष्टी सोप्या भाषेत येतात. ग्राहकाने मागितल्यास ते स्थानिक भाषेतही मिळू शकते. पण हे पत्रक मुख्यतः पॉलिसीच्या कागदांसोबत हाती येते, म्हणजे निवड होऊन गेल्यावर. पॉलिसी परत करायला 30 दिवस मिळतात हे खरे. पण परत करण्याची मुभा ही चूक दुरुस्त करण्याची सोय आहे, आणि आमचा आग्रह चूक टाळण्यासाठी आहे. एप्रिल 2020 मध्ये आलेल्या ‘आरोग्य संजीवनी’ने वाट दाखवलीच आहे. अटी सर्व कंपन्यांना सारख्या, 5 टक्के हिस्सा रुग्णाचा, हप्ता मात्र ज्याचा त्याचा. तिथे हप्त्याची तुलना अर्थपूर्ण झाली, कारण माल एकाच प्रतीचा होता.

आधी अटी, मग वर्गणी, हा क्रम याच जिल्ह्याने पूर्वी अनुभवला आहे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या गावांसाठी आरोग्य विम्याची योजना चालवली आणि वर्गणी ज्वारीच्या रूपात घेतली. ज्याची जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त, आणि गावातली निदान 75 टक्के कुटुंबे सामील व्हायला हवीत, असा दंडक होता. अचानक आलेले आजारपण आणि आधीपासून ठाऊक असलेले उपचार, यांच्या सवलतीही वेगळ्या होत्या. पायलीने ज्वारी मोजणाऱ्या माणसाला आपण कशासाठी मोजतो आहोत, हे समजू शकत होते. आज हप्ता फोनवरून क्षणात भरला जातो, पण ती समज मागे पडली आहे.

यावर आक्षेप येतील. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला 5 लाखांचे संरक्षण असताना खासगी विम्याची एवढी चर्चा कशाला? ती योजना मोलाचीच आहे, पण ती ठरावीक उपचारांना आणि योजनेत सामील रुग्णालयांना लागू होते. त्यापलीकडची सोय हवी असणाऱ्याने फसावे, असे त्यातून निघत नाही. दुसरा आक्षेप, समजावून सांगायला एजंट आहेत. चांगला एजंट सांगतोही, पण तोंडी शब्द क्लेमच्या वेळी पुरावा ठरत नाही. शिवाय कमिशन विक्रीवर मिळते, समजावण्यावर नाही. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: एकच नमुना लादला तर नवनव्या पॉलिसी निघणार नाहीत. आम्ही पॉलिसी सारखी करा म्हणत नाही, तक्ता सारखा करा म्हणतो. कापसाच्या जाती अनेक असल्या तरी ओलावा मोजायचे यंत्र एकच चालते. आणि लोक वाचतच नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी एका पानाचा मराठी कागद आधी हाती देऊन तर बघावा.

ग्राहकाचीही जबाबदारी आहेच. कोटेशन मागण्याआधी घरातल्यांची वये, जुने आजार, कोणत्या रुग्णालयात जाणार आणि किती रकमेचा विमा हवा, हे लिहून काढावे आणि तोच कागद प्रत्येक कंपनीला द्यावा. जुना मधुमेह लपवून मिळालेले स्वस्त कोटेशन पुढे क्लेम नाकारण्याचे कारण ठरू शकते. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेला, त्यामुळे त्याआधीचे कोटेशनही आजच्या कोटेशनशी जुळवू नये. पण आम्ही प्रश्न सारखे विचारले तरी उत्तरे सारख्या साच्यात आणणे तुमच्याच हाती आहे. ‘विमा सुगम’ हा विम्याचा सामायिक ऑनलाइन बाजार उभा राहत असताना हे काम सोपे आहे: पडद्यावर खोलीभाडे, प्रतीक्षा काळ, रुग्णाचा हिस्सा आणि जवळची कॅशलेस रुग्णालये आधी दिसू द्या, हप्ता शेवटच्या रकान्यात ठेवा. प्रत बघून भाव करायची आम्हाला सवय आहे. विम्यातही प्रत तेवढी उघडी करा.

कळावे,
वर्धा जिल्ह्यातील एक विमाधारक