इन्स्पेक्शन रिपोर्ट खराब आला? आधी वही काढा, मग निर्णय घ्या



भाड्याने देण्यासाठी रीसेलचा फ्लॅट घ्यायचं ठरवलंत. पंचवीस वर्षांची सोसायटी, दर जरा कमी. एजंट म्हणतो, "साहेब, अजून दोन पार्ट्या बघतायत." तरी तुम्ही सिव्हिल इंजिनिअरला नेऊन दाखवलंत, हे उत्तम केलंत. त्याने सांगितलं, बाथरूमच्या छतातून गळती आहे, बाल्कनीच्या स्लॅबची सळई गंजून उघडी पडलीय, वायरिंग बदलावं लागेल. झालं, मूड गेला!

इथे लोक दोनपैकी एक चूक करतात. एक तर घाबरून सौदाच सोडतात, नाहीतर "एवढं चालतंच" म्हणून डोळे मिटून सही करतात. माझं मत स्पष्ट आहे. खराब रिपोर्ट म्हणजे अपशकुन नव्हे, तो भाव ठरवायचा कागद आहे. फक्त तो नीट वाचता आला पाहिजे.

रिपोर्टमधल्या दोषांचे तीन भाग पाडा.

पहिला, पैशाने सुटणारे: वायरिंग, प्लंबिंग, टाइल्स, रंग. दोन कंत्राटदारांकडून लेखी कोटेशन घ्या.

दुसरा, दुसऱ्याच्या हातात असलेले. गळतीचंच बघा. आदर्श उपविधींनुसार पावसाची आणि सामाईक पाइपची गळती काढणं सोसायटीचं काम. वरच्या फ्लॅटच्या टॉयलेट-सिंकमधून पाणी येत असेल, तर खर्च त्या सभासदाचा. म्हणून आधी सेक्रेटरींना भेटा. स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर 5 वर्षांनी आणि त्यापुढे दर 3 वर्षांनी व्हायला हवं. मोठी दुरुस्ती ठरली असेल, तर वर्गणी कोण भरणार हे आत्ताच विचारा.

तिसरा, तुमच्याने न सुटणारे: इमारतीचे कॉलम-बीमच कमकुवत, भोगवटा प्रमाणपत्र नाही, मालकीच्या कागदांत खोट. इथे कितीही स्वस्त मिळालं तरी हात जोडून बाहेर पडा.

आता हिशोब. समजा भाव 42 लाख, भाडं महिना 13,000. वर्षाचे झाले 1,56,000. त्यातून मेंटेनन्सचे 30,000 आणि मालमत्ता कराचे 8,000 वजा केले, की हातात राहतात 1,18,000. दुरुस्तीचं कोटेशन साडेतीन लाखांचं आलं, तर तुमचं जवळपास तीन वर्षांचं निव्वळ भाडं त्यातच गेलं. शिवाय काम चालू असताना फ्लॅट रिकामा राहणार, ते वेगळंच. हे आकडे विक्रेत्यासमोर ठेवा आणि शांतपणे म्हणा, "काका, फ्लॅट मला आवडलाय. पण एवढा खर्च आहे. एक तर तुम्ही काम करून द्या, नाहीतर भावातून वजा करा." आवाज चढवायची गरज नाही, कोटेशनच बोलतं. जमलं तर ठरलेला आकडा करारात लिहून घ्या. तोंडी शब्दावर जाऊ नका.

"बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेलाय की," असं कोणी म्हणेल. अहो, तो बँकेचं कर्ज सुरक्षित आहे का ते बघतो. तुमच्या भाडेकरूच्या डोक्यावर पाणी गळेल का, हे बघणं त्याचं काम नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टोकन. दिलेल्या लाखभर रुपयांच्या मोहापायी माणूस चाळीस लाख अडकवतो. म्हणून तपासणी टोकनच्या आधी. ते शक्य नसेल, तर विसार पावतीत लिहून घ्या की तपासणीत मोठा दोष निघाला तर रक्कम परत मिळेल. विक्रेता यालाही तयार नसेल, तर तोही एक रिपोर्टच समजा.

इंजिनिअरची फी देऊन सौदा मोडला, तर फी वाया गेली असं मानू नका. धंद्यात एवढ्या स्वस्तात सुटका क्वचितच होते. फ्लॅट आणखी मिळतील. भांडवल मात्र परत जमवायला वर्षं लागतात.