एल-फाशरमध्ये किती जण मारले गेले? एकाच लढाईचे आकडे वेगवेगळे का?

सुदानच्या पश्चिमेकडील दारफूरमधलं एल-फाशर हे शहर ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस रॅपिड सपोर्ट फोर्सेस म्हणजेच आरएसएफ या निमलष्करी दलाच्या ताब्यात गेलं. २६ ऑक्टोबरला आरएसएफने तिथला लष्करी तळ जिंकला. त्यानंतर काही दिवसांतच आकडे यायला लागले. लष्कराच्या बाजूने लढणाऱ्या 'संयुक्त फौजां'नी सांगितलं की, दोन दिवसांत २,००० हून अधिक नागरिक मारले गेले. सुदान डॉक्टर्स नेटवर्कने तीन दिवसांत किमान १,५०० असा आकडा दिला.

मग खरं कोणाचं मानायचं?

वाद फक्त आकड्यांचा नाही

सुदानमध्ये एप्रिल २०२३ पासून लष्करप्रमुख अब्देल फत्ताह अल-बुरहान आणि आरएसएफचे प्रमुख मोहम्मद हमदान दगालो ऊर्फ हेमेदती यांच्यात युद्ध सुरू आहे. एकाच घटनेला दोघांचे शब्द वेगळे आहेत. आरएसएफच्या भाषेत शहर 'मुक्त' झालं. बुरहान यांच्या म्हणण्यानुसार, शहराची आणखी नासधूस होऊ नये म्हणून सैन्य मागे घेतलं. बातमीत यापैकी एखादा शब्द अवतरणचिन्हाशिवाय आला, की बातमी नकळत एका बाजूची होते.

बाहेरच्यांना माहिती कुठून मिळते?

एल-फाशरला दीड वर्षाच्या आसपास वेढा होता. शहराभोवती मातीचा बांध घातला होता. ऑगस्ट २०२५ पर्यंत तो ३१ किलोमीटरपर्यंत पोहोचल्याचं उपग्रह छायाचित्रांत दिसलं. शहर पडलं तेव्हा संपर्कयंत्रणाही कोलमडली होती आणि स्वतंत्र पत्रकारांना आत जाता येत नव्हतं. त्यामुळे माहितीचे मार्ग मोजकेच उरले. प्रत्येकाची मर्यादा वेगळी आहे.

उपग्रह छायाचित्रे: अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांना जमिनीवर माणसाच्या शरीराएवढ्या आकाराच्या वस्तू आणि लालसर डाग दिसले. छायाचित्रातून ठिकाण आणि वेळ कळते. मृताचं नाव किंवा एकूण संख्या कळत नाही.

हल्लेखोरांचे व्हिडिओ: आरएसएफच्या सैनिकांनी स्वतःच चित्रित केलेले हत्येचे व्हिडिओ पसरले. आपल्याच विरोधात जाणारा पुरावा असल्याने त्याचं वजन मोठं. पण कॅमेऱ्यासमोर जे घडलं, तेवढंच त्यात असतं.

वाचलेल्यांचे जबाब: तविला गावापर्यंत पोहोचलेल्यांनी डोळ्यांदेखत पाहिलेलं सांगितलं. मात्र जे पोहोचलेच नाहीत, त्यांचं कोण सांगणार?

सौदी प्रसूती रुग्णालयाचं उदाहरण

तिथे ४६० हून अधिक रुग्ण आणि त्यांचे सोबती मारले गेल्याचं वृत्त असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं. आरएसएफने आरोप फेटाळला. दुसरीकडे, आपल्या लोकांकडून 'गैरप्रकार' झाल्याचं हेमेदती यांनी मान्य केलं आणि चौकशी जाहीर केली. इथे 'एक म्हणतो झालं, दुसरा म्हणतो नाही' एवढंच लिहून थांबणं म्हणजे तटस्थता नव्हे. आरोप कोणी केला, त्याला ते कसं कळलं आणि नाकारणाऱ्याने पुरावा तपासू दिला का, हेही सांगायला हवं.

हाच निकष लष्करालाही लागतो. मार्च २०२५ मध्ये एल-फाशरजवळच्या तोरा बाजारावरील हवाई हल्ल्यात मोठ्या संख्येने नागरिक मारले गेल्याचा आरोप लष्करावर झाला. नागरिकांना लक्ष्य केल्याचं लष्कराने नाकारलं. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ मध्ये नेमलेल्या सत्यशोधन पथकालाही लष्कराच्या सरकारने देशात येऊ दिलेलं नाही.

शेअर करण्याआधी

शहर पडल्यानंतर 'रक्ताचे थारोळे' म्हणून एक उपग्रह चित्र प्रचंड फिरलं. ते जुनं होतं आणि त्यात दिसत होती ती गुरं, असं पडताळणी करणाऱ्यांनी दाखवून दिलं. अशा एका खोट्या चित्राचा फायदा हत्याकांड नाकारणाऱ्यांनाच होतो. मग खऱ्या चित्रांकडेही बोट दाखवून 'तेही खोटंच' म्हणता येतं.

म्हणून आकडा दिसला की तीन गोष्टी पाहाव्यात: तो कोणी दिला, किती दिवसांचा आहे आणि त्यात कोण मोजलं आहे. १,५०० आणि २,००० हे आकडे एकमेकांना खोटं ठरवत नाहीत. ते वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या दिवसांसाठी, बंद शहराबाहेर पोहोचलेल्या माहितीवरून दिले आहेत. त्यांची सरासरी काढून सत्य सापडत नाही. आकडा ज्याने दिला त्याच्या नावासकट सांगणं, हीच मृतांशी आणि वाचकांशी प्रामाणिक राहण्याची रीत आहे.