सातवी सही

गेल्या महिन्यात आम्ही उभयतांनी सावंतवाडीच्या राजवाड्यात दोन रात्री मुक्काम केला. कवठे महांकाळहून मिरज, कोल्हापूर, आजरा असे करीत आंबोलीचा घाट उतरलो आणि आपला कोरडा मुलूख मागे राहिला. जांभ्या दगडाचा हा वाडा तिसऱ्या खेम सावंतांच्या कारकिर्दीतला, म्हणजे १७५५ ते १८०३ या काळातला. समोर मोती तलाव. राजघराण्याने वाड्याच्या आवारात मोजक्या खोल्या पाहुण्यांसाठी खुल्या केल्या आहेत. कांदा-लसूण नको आणि सूर्यास्तापूर्वी जेवण हवे, हे आधी कळविले होते. काजूची उसळ आणि घावने वेळेवर पानात आले.

राजेशाही थाटाची हौस या वयात उरलेली नाही. जाण्याचे कारण घरातले होते. पेठेतील आमचा वाडा आजोबांनी १९२८ साली बांधला. दर्शनी भागात पेढी, मागे धान्याचे कोठार, माडीवर बिऱ्हाडे. आज उताऱ्यावर सात वारसांची नावे आहेत. विकसकाच्या करारनाम्यावर सहा सह्या झाल्या, सातवी माझी राहिली आहे. पुतण्या म्हणतो, "काका, आठवणींना भाडे येत नाही." त्याला काय उत्तर देणार? बँकेत असताना तारण मालमत्तेचा अहवाल वाचताना जुन्या मातीच्या भिंतींचे मूल्य मीही शून्यच धरीत असे. मोजायची ती जागा.

वाड्याने स्वतःचा खर्च स्वतः कमवावा, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. जयपूरच्या महाराजांनी रामबाग राजवाड्याचे हॉटेल केले ते १९५७ मध्ये. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाल्यावर अनेकांना तोच मार्ग धरावा लागला.

सावंतवाडीत मात्र मला निराळी गोष्ट दिसली. तेथील गंजिफा म्हणजे लाखेचे रोगण दिलेले, हाताने रंगविलेले गोल पत्ते. दशावतारी संचात दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, असे १२० पत्ते असतात. ही कला जवळजवळ लोपली होती. हाताशी उरले होते थोडे वृद्ध चितारी. शिवरामराजे आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी ती त्यांच्याकडून शिकून घेतली आणि वाड्यातच कारागिरांना बसायला जागा दिली. आजही दरबारात माणसे मान खाली घालून कुंचला चालवीत असतात. खोल्यांच्या सजावटीत तीच गंजिफा आहे. म्हणजे वाड्यात आधी काम टिकले, पाहुणे कितीतरी नंतर आले. (कोकणातला पाऊस, कौले, वाळवी यांचा वार्षिक खर्च खोल्यांच्या भाड्यात किती भागत असेल, याची आकडेमोड मी रात्री उगीचच करीत बसलो. सवय जात नाही.)

आमच्या वाड्यातले काम तर केव्हाच थांबले. दुकान बाजार समितीच्या आवारात गेले, तेव्हा पेढीला कुलूप लागले. त्या दिवशी आम्ही कोणी हळहळलो नाही. नवे दुकान ऐसपैस होते. पर्यटन मंत्रालय वारसा हॉटेल म्हणून १९५० पूर्वीच्या वास्तूंचा विचार करते. वयाच्या अटीत आमचा वाडा सहज बसतो, पण कवठ्यात मुक्कामाला येणार कोण? आमच्याकडे ना तलाव, ना दरबार.

परतल्यावर पुतण्यासमोर एवढेच मांडले, की मागचे कोठार आणि माडीची बिऱ्हाडे पाडून तेथे काय बांधायचे ते बांधा. दर्शनी पेढी मात्र तशीच ठेवा आणि त्याची धाकटी सून घरातून करते तो कापडाचा व्यवसाय तेथे सुरू करू द्या. क्षेत्रफळ घटेल, प्रत्येकाच्या वाट्याला कमी येईल. माझ्या वाट्यातून जास्त कापून घ्या, असेही सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तिला विचारतो."

तिने होकार दिला आहे. विकसकाकडे सुधारित आराखडा मागितला आहे. तो अद्याप आलेला नाही आणि सातव्या सहीची जागा कोरी आहे.