आता गाऊ दे आनंदीबाईंना

१८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि मराठी माणसाला नाट्यपदांचे वेड लागले. पुराणातल्या नायिका भरभरून गायल्या. आपल्या गावच्या लेकीसाठी पदे कोण लिहिणार? म्हणूनच या अंकात आम्ही कल्याणच्या आनंदीबाई जोशींवर नवे संगीत नाटक कसे उभे राहील, याचा विचार मांडला आहे. चौदाव्या वर्षी दहा दिवसांचे बाळ गमावलेली ही मुलगी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाली. त्या बाळंतिणीच्या खोलीत पद घालावे, की नुसता तंबोरा वाजू द्यावा? आमच्या मते तिथे शब्द नकोतच. तिचे पती गोपाळराव यांचा तिला शिकवण्याचा हट्ट मात्र द्रुत लयीतच यावा. तुमच्या गावातल्या कोणी रंगमंचावर गायला हवे? जरूर लिहून कळवा.