कळसूबाईचें पाणी

भूगोलाच्या तासाला एक वाक्य मीं कित्येक वर्षें मुलांकडून घोकून घेतलें: कळसूबाई हें सह्याद्रीचें महाराष्ट्रांतील सर्वोच्च शिखर, त्याचें अर्धें पाणी अरबी समुद्रास व अर्धें बंगालच्या उपसागरास जातें. वाक्याचा उत्तरार्ध साफ चुकीचा आहे. नातीनें नकाशावर बोट ठेवून तो खोटा ठरविला, तेव्हां दोन दिवस मला जेवण गोड लागलें नाहीं.

आम्हां रत्नागिरीकरांस सह्याद्रि म्हणजे पूर्वेस उभी असलेली भिंत. वाशिष्ठी आणि शास्त्री तिच्यावरूनच उतरतात. पलीकडे पडलेला पाऊस कोयना-वारणेंतून कृष्णेस जातो. तेव्हां जें सर्वांत उंच, तें भिंतीच्या माथ्यावरच असणार, असें मीं धरून चाललों. नैयायिक ज्यास सव्यभिचार हेतु म्हणतात, तो हाच!

वस्तुतः हें १६४६ मीटर उंचीचें शिखर मुख्य धारेवर नाहींच. त्या धारेपासून एक फांटा पूर्वेस फुटतो. त्यावर आधीं कुलंग, मदन, अलंग हे दुर्ग आणि मग, नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांच्या सीमेवर, कळसूबाई. उत्तरेच्या उतारावरील पाऊस दारणेंत जातो, दक्षिणेचा प्रवरेंत. दारणा नाशिक जिल्ह्यांतच गोदावरीस मिळते. प्रवरा भंडारदऱ्याच्या, १९२६ सालीं पूर्ण झालेल्या, धरणांतून वाट काढीत थेट नेवासें तालुक्यांत टोकें येथें. एका शिखरावरून निघालेल्या दोन धारा इतक्या दूर जाऊन पुनः एक होतात. आमच्या कोंकणच्या वांट्यास त्यांतला थेंबहि येत नाहीं.

मग मुख्य धारेहून फांटाच उंच कसा? हिमालयाचीं शिखरें भूकवचास घड्या पडून वर आलीं. येथें तसें नाहीं. सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वीं लाव्ह्याचे थर एकावर एक आडवे पसरले; पुढें पावसानें व नद्यांनीं ते कापून नेले, आणि जें वाहून गेलें नाहीं तें शिखर म्हणून उरलें. झिजणाऱ्या प्रदेशांत कोणता भाग टिकावा, याचा पाणलोटाच्या रेषेशीं नेमका मेळ असलाच पाहिजे असें नाहीं. एवढी गोष्ट ध्यानांत यावयास मला निवृत्त व्हावें लागलें!

माझे तीन विद्यार्थी स्वतः मास्तर आहेत. त्यांना लगेच कार्डें टाकलीं. एकाचें उत्तर परवां आलें: "गुरुजी, तें वाक्य गेल्याच आठवड्यांत फळ्यावर लिहून दिलें."