आधी कान तपासा, मग विसरभोळी म्हणा



"बाईला आता काही आठवत नाही, वय झालं." हे वाक्य आपल्या घरांत फार सहज बोललं जातं. माझं म्हणणं, ते बोलायच्या आधी बाईचे कान तपासून आणा. जे नीट ऐकूच आलं नाही, ते आठवणार कुठून? आपल्याकडे श्रुतज्ञानाच्या आधी मतिज्ञान सांगितलं आहे. म्हणजे आधी इंद्रियांनी घ्यायला हवं, पुढचं मग. श्रावक शब्दाच्या पोटातही ऐकणंच आहे.

डॉक्टर लोक आता याहून पुढचं सांगतात. २०११ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या डॉ. फ्रँक लिन यांनी ६३९ जणांचा अभ्यास मांडला. थोडं कमी ऐकू येणाऱ्यांत पुढे स्मृतिभ्रंश होण्याचा धोका सुमारे दुप्पट दिसला, मध्यम बहिरेपणात तिप्पट आणि फारच कमी ऐकू येणाऱ्यांत पाचपट. कारण सांगतात तेही पटतं. तुटके शब्द जोडण्यातच मेंदूची शक्ती खर्च होते, लक्षात ठेवायला उरत नाही. आणि चारदा "काय?" विचारून झालं की माणूस बोलणंच सोडतो.

पण मी कॉमर्सची. जमेसोबत नावेची बाजूही बघते. २०२३ मध्ये ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर तीन वर्षांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. सगळे मिळून पाहिले तर मशीनने स्मरणशक्तीत फरक दिसला नाही. ज्यांना आधीच धोका जास्त होता, त्यांच्यात मात्र घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. तेव्हा कोणी मशीन 'मेंदूचं औषध' म्हणून विकत असेल तर तिथून उठा. बाईला पुन्हा माणसांत बसता येईल, एवढ्यासाठीच मशीन घ्यायला माझी हरकत नाही.

खरी अडचण घरात आहे. काकाजी गल्ल्यावर बसतात, गिऱ्हाइकाचं ऐकू यायला पाहिजे, म्हणून त्यांना मशीन लगेच येतं. बाई चुलीपाशी, तिला कशाला? ती मान डोलावून "हो हो" म्हणते, आणि सुना हसतात.

स्थानकातही बाई मागे राहते. ज्यांना कमी ऐकू येतं ते नकळत ओठ वाचतात, आणि महाराजसाहेबांच्या तोंडावर मुहपत्ती. अनेक स्थानकांत माईकही नसतो. मग अशा बायांना पुढच्या ओळीत बसवायला काय हरकत आहे? सामायिकात बॅटरीचं मशीन चालतं का, यावर मतं वेगळी आहेत. आपापल्या महाराजसाहेबांना विचारावं. काढायला सांगितलं तर ४८ मिनिटं काढावं, नंतर पेटीत राहू देऊ नये.

तपासणीला आधी कानातला मळ बघतात, कधी तेवढ्यानेच काम होतं. हिवरखेडहून अकोल्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागात जाता येतं. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील, दोन लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्यांना ३००० रुपये जाहीर झाले. त्यात चांगलं मशीन येत नाही, पण आधार आहे. आपल्यातही अशी घरं आहेत, ती सांगत नाहीत.

आणि मशीन लावल्यावर पहिले काही आठवडे भांड्यांचा आवाज डोक्यात जातो. तेव्हा "राहू द्या मग" म्हणू नका. रोज थोडा वेळ लावायला लावा, आणि बोलताना समोर, उजेडात बसा.