विश्लेषण : रात्री दहाची ‘निरंक’ माहिती आणि मुख्यसेविकेचा न संपणारा दिवस

रात्रीचे पावणेदहा. प्रकल्पाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक तक्ता येतो आणि त्याखाली ओळ : ‘सदर माहिती उद्या सकाळी ११ पर्यंत न चुकता सादर करावी. निरंक असल्यास निरंक कळवावे.’ सरकारी कचेरीत ज्यांनी काम केले आहे त्यांना ‘निरंक’ म्हणजे काय हे सांगायला नको. कळवण्यासारखे काही नाही, हे कळवण्यासाठीही कोणाला तरी जागे राहावे लागते. अंगणवाडीच्या व्यवस्थेत ती जागी राहणारी व्यक्ती बहुतेक वेळा मुख्यसेविका असते.

सेविकांच्या मानधनावर आणि संपांवर बरेच लिहिले गेले. ते आवश्यकच होते. त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या बाईबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. नोकरी आणि घर यांचा मेळ हा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर हिंजवडीतील आयटी कंपनी येते. जव्हार किंवा धडगाव तालुक्यात दुचाकीवरून फिरणारी मुख्यसेविका येत नाही.

मुख्यसेविका म्हणजे नेमके कोण?

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. गावात सेविका आणि मदतनीस, प्रकल्पाच्या वरच्या टोकाला बालविकास प्रकल्प अधिकारी आणि या दोहोंच्या मध्ये मुख्यसेविका, म्हणजेच पर्यवेक्षिका. महाराष्ट्रात ५५३ प्रकल्प आणि सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. ग्रामीण भागात एका मुख्यसेविकेकडे साधारण २५, तर आदिवासी भागात १७ अंगणवाड्या असाव्यात, असे योजनेचे प्रमाण आहे. या गटाला ‘बीट’ म्हणतात. एका अंगणवाडीत ४० मुले धरली तरी २५ अंगणवाड्यांची हजार मुले होतात. त्यात गरोदर आणि स्तनदा माता धरा, सेविका-मदतनीस मिळून पन्नासेक बायका धरा.

या पदांचा काही वाटा अनुभवी सेविकांना बढतीने मिळतो. अशी बढती मिळालेली बाई चाळिशी-पन्नाशीत आपल्या एका गावातून उठून पंचवीस गावांत जाते. कालपर्यंत जिला ‘ताई’ म्हणत होते तिला आता ‘मॅडम’ म्हणायचे. काल जिच्याबरोबर मोर्चात चालली तिचेच रजिस्टर आज तपासायचे. या बदलासाठी तिला कोणी तयार करत नाही. प्रशिक्षण मिळते ते योजनेचे, माणसे सांभाळण्याचे नाही.

आणि पंचवीस हा आकडाही पुष्कळदा कागदावरच राहतो. शेजारच्या बीटची मुख्यसेविका निवृत्त झाली, बदलून गेली किंवा प्रसूती रजेवर गेली, की ‘अतिरिक्त कार्यभार’ येतो. पंचविसाच्या पन्नास अंगणवाड्या होतात. महिना तेवढाच राहतो.

दिवसाचे गणित कुठे बिघडते?

पूरक आहार वर्षातून ३०० दिवस द्यायचा असतो. म्हणजे महिन्याला २५ दिवस. राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा मिळाला, पण अंगणवाडी शनिवारीही उघडते आणि अंगणवाडी उघडी तर मुख्यसेविकेचा फोनही उघडा.

पंचवीस दिवस आणि पंचवीस अंगणवाड्या हे गणित वरवर पाहता जुळते. रोज एक. आता त्यातून वजा करा : प्रकल्प कार्यालयातील मासिक बैठक, सेविकांची बीट बैठक, जिल्ह्याची व्हीसी, प्रशिक्षणे, गावोगावचे आरोग्य व पोषण दिवस, कुठे आहाराबद्दलची तक्रार, कुठे सरपंच आणि सेविकेचे भांडण. सप्टेंबरात पोषण माह, वसंतात पोषण पंधरवडा. रोज एक उपक्रम आणि त्याची छायाचित्रे. महिन्याच्या सुरुवातीला तिने दिलेला फिरती कार्यक्रम दुसऱ्या आठवड्यात कोलमडलेला असतो. २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’चे अर्ज भरायला सेविकांना लावले, अर्जामागे ५० रुपये ठरले. त्या महिन्यांत अंगणवाडीत काय चालले आहे हे पाहायला जाणारीच अर्जांच्या संख्येचा पाठपुरावा करत होती.

हे झाले दिवसाचे. रात्रीचे काम दोन बाजूंनी येते आणि दुसऱ्या बाजूकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वरून येते ती माहितीची मागणी. खालून येतात सेविकांचे फोन. ‘पोषण ट्रॅकर’ हे अ‍ॅप मार्च २०२१ मध्ये आले. त्याच वर्षी राज्यातील सेविकांनी निकृष्ट मोबाइल परत केले होते, ते अनेकांना आठवत असेल. जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी लाभार्थीचा चेहरा जुळवणे सक्तीचे झाले. दुपारी गावात रेंज नाही, सर्व्हर अडकलेला. सेविका संध्याकाळी घरचा स्वयंपाक उरकून, ओट्यावर फोन टेकवून नोंदी भरायला बसते. नोंद अडकली की विचारणार कोणाला? ‘मॅडम, फोटो मॅचच होत नाही हो, काय करू?’ हा फोन मॅडमने घेतला नाही तर दुसऱ्या दिवशी त्या सेविकेच्या नावापुढे लाल खूण आणि मानधन कापले जाईल की काय ही धास्ती.

म्हणूनच ‘सातनंतर फोन बंद ठेवा’ हा सल्ला इथे निरुपयोगी आहे. योगासने, वेळेचे नियोजन, ‘नाही म्हणायला शिका’ वगैरे कार्यशाळांची तर गंमतच वाटते. त्या कार्यशाळेचेही फोटो रात्री अपलोड करावे लागतात. एकट्या मुख्यसेविकेने स्वतःपुरती सीमा आखली तर वरचा साहेब पुढच्या व्हीसीत जाब विचारतो आणि खालची सेविका एकटी पडते. मधल्या कडीने सुटून चालत नाही. हा प्रश्न तिच्या शिस्तीचा नसून व्यवस्थेने आपला सगळा उशीर आणि सगळी गडबड तिच्या संध्याकाळवर ढकलण्याचा आहे.

यात बालकाचे काय जाते?

विषय फक्त एका कर्मचाऱ्याच्या थकव्याचा असता तरी लिहिण्याजोगा होता. पण इथे आणखी एक गोष्ट पणाला लागलेली आहे.

दोन वर्षांखालील मुलाची लांबी आडवे झोपवून मोजतात, त्यावरील मुलाची उंची उभे करून. आडवे मोजताना दोघी लागतात : एकीने डोके फळीला टेकवून धरायचे, दुसरीने गुडघे सरळ करून पाऊल टेकवायचे. मूल रडते, पाय आखडते. उभे मोजले तर तेच मूल सुमारे ०.७ सेंटीमीटर कमी भरते. किरकोळ वाटणारा हा फरक उंचीच्या मानाने वजन काढताना एखाद्या मुलाला तीव्र कुपोषित, म्हणजे ‘सॅम’च्या यादीत घालू शकतो किंवा बाहेर काढू शकतो. दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर तेही तीव्र कुपोषणाचे लक्षण. पण पट्टी किती घट्ट ओढली यावर दोन मिलिमीटर इकडे-तिकडे होतात.

हे पुस्तकातून शिकवता येत नाही. कोणीतरी शेजारी बसून ‘थांबा ताई, आधी टाच टेकू द्या’ असे म्हणावे लागते. तेच मुख्यसेविकेचे खरे काम आणि ते अर्ध्या तासात होत नाही. मदतनीस स्वयंपाकात गुंतली असेल तर फळीची दुसरी बाजू धरायला मुख्यसेविकाच बसते. मग त्या मुलाच्या आईशी बोलायचे, घरी जायचे, ग्राम बालविकास केंद्रात दाखल करायचे की रुग्णालयात न्यायचे हे सेविकेबरोबर ठरवायचे.

वेळ नसला की या कामाची जागा ‘वजनाचा फोटो टाका’ ही सूचना घेते. फोटो येतो. मूल काट्यावर बसलेले दिसते. काटा शून्यावर होता का, हे फोटोत दिसत नाही. वरच्या तक्त्यात शंभर टक्के वजने भरतात आणि सगळ्यांना हायसे वाटते.

अंगणवाडी ही कल्पना कुठून आली, तेही इथे आठवावे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आधी बोर्डीत आणि मग कोसबाडच्या टेकडीवर मुलांच्या अंगणात जाऊन बालशिक्षण उभे केले. सगळे काम प्रत्यक्ष मुलाजवळ बसून झालेले. त्या जागेवरून मुख्यसेविकेला उठवून आपण तिला तक्त्यांच्या मागे धावायला लावले आहे.

‘पगार तर मिळतो’ हा आक्षेप

तो खोटा नाही. सेविका मानधनावर, मुख्यसेविका वेतनश्रेणीत. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात सेविका-मदतनीस पन्नासहून अधिक दिवस संपावर होत्या. ग्रॅच्युइटीसारखा हक्कही सेविकांना एप्रिल २०२२ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातून मिळवावा लागला. अशा वेळी पगारदार बाईच्या संध्याकाळची चिंता कशाला, असे एखादी सेविका म्हणाली तर तिला चूक कसे म्हणणार? काही मुख्यसेविका वरचा ताण तसाच खाली ओततात, रात्री साडेदहाला सेविकांच्या ग्रुपवर ‘अजून कोणाचे राहिले?’ विचारतात, हेही खरे. पण ते त्याच साखळीतून आलेले आहे. वरचा संदेश पावणेदहाला आला की खालचा साडेदहाला जाणारच. मुख्यसेविकेची रात्र मोकळी झाली तर तिच्या बीटमधील पंचवीस सेविकांचीही होईल.

रजेचेही असेच. राज्य शासनाने २०१८ मध्ये महिला कर्मचाऱ्यांना मूल १८ वर्षांचे होईपर्यंत एकूण १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. चांगला निर्णय. पण मुलाची दहावी आहे म्हणून एखादी महिनाभर गेली तर तिचा बीट शेजारणीच्या गळ्यात पडतो. त्या शेजारणीच्याही घरी म्हातारी सासू असते. मग रजेचा अर्ज करताना हक्कापेक्षा अपराधी वाटणेच जास्त. बदली माणूस न देता दिलेली रजा ही सहकाऱ्याकडून उसनी घेतलेली रजा आहे.

मग करता काय येईल?

कामाच्या वेळेनंतर कार्यालयाशी संपर्क तोडण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून कायद्यात आहे, ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून लागू झाला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये लोकसभेत तसे खासगी विधेयक मांडले. खासगी विधेयकांचे पुढे काय होते ते आपण जाणतो. पण मुख्यसेविकांसाठी संसदेची वाट पाहायची गरजच नाही. मागणी करणारा आणि माहिती देणारा दोन्ही सरकारचेच आहेत. आयुक्तालयाचे एक परिपत्रक पुरेसे आहे.

त्यात काय असावे? सायंकाळी सहानंतर माहितीची मागणी पाठवायची नाही. पाठवलीच तर मुदत एका कामाच्या दिवसाच्या आतली नको. गंभीर आजारी बालक, विषबाधा, पूर, अशा खऱ्या तातडीला थेट फोन करावा, कारण खऱ्या तातडीत कोणी तक्ता पाठवत नाही. जी माहिती ‘पोषण ट्रॅकर’मध्ये भरलेली आहे ती पुन्हा एक्सेलमध्ये मागायची नाही. अ‍ॅपमधून ती काढून घेण्याचे काम तालुका-जिल्ह्याच्या कार्यालयात संगणकासमोर बसलेल्यांचे. आठवड्यातले दोन दिवस बैठक आणि व्हीसीमुक्त, फक्त अंगणवाडीसाठी. शेवटच्या कलमाला सर्वांत जास्त विरोध होईल असा माझा अंदाज आहे, कारण व्हीसी ही वरच्यांची सोय आहे.

अ‍ॅपच्या अडचणींसाठी प्रकल्पात वेगळा माणूस हवा. सर्व्हर चालत नाही याचे उत्तर पोषणाचे प्रशिक्षण घेतलेल्या बाईने द्यायचे, ही मुळातच विचित्र विभागणी आहे. आणि सर्व्हर बंद असताना राहिलेल्या नोंदीवरून सेविकेचे मानधन अडणार नाही हे एकदा लेखी दिले, तर रात्रीचे निम्मे फोन आपोआप थांबतील.

खर्चाची बाब दोनच ठिकाणी येते. अतिरिक्त कार्यभाराला तीन महिन्यांची मर्यादा घालायची आणि तेवढा काळ प्रवासाचा भत्ता वाढवून द्यायचा. मर्यादा संपली की पद भरायचे किंवा कंत्राटी नेमणूक करायची. दुसरे, प्रत्येक जिल्ह्यात रजेच्या जागी पाठवता येतील अशा चार-दोन राखीव मुख्यसेविका. ही नवी पदे आहेत, त्यांना वित्त विभागाची मान्यता लागेल आणि मार्चच्या अर्थसंकल्पात तरतूद. परिपत्रकाला मात्र यातले काहीच लागत नाही, ते पुढच्या पोषण माहच्या आधी निघू शकते.